खिशातली चिठ्ठी वाचा: नर्सेससाठी वापरायला सोपी वैद्यकीय नोंदप्रणाली कशी घडवावी

ड्यूटी सुरू झाली की नर्स एक काम हमखास करते. कोऱ्या कागदाच्या घड्या घालते, एकेका घडीवर एकेका रुग्णाचा बेड नंबर टाकते आणि खाली चार शब्द खरडते: सलाइन साडेदहाला संपेल, शुगर बाराला, तोंडाने काही द्यायचे नाही, डाव्या हातावर बीपी घ्यायचे नाही. हा कागद दिवसभर तिच्या खिशात असतो. वॉर्डातल्या संगणकात त्याच रुग्णांची शेकडो रकान्यांची नोंद असते, तरी कुणी काही विचारले की हात आधी खिशाकडे जातो.

नर्सेससाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला या चिठ्ठीहून चांगला आराखडा मिळणार नाही. जे तिला क्षणात हवे असते आणि पडद्यावर चटकन सापडत नाही, तेच चिठ्ठीवर उतरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी या चिठ्ठीवरूनच काढल्या आहेत. अशी प्रणाली बनवणारे, निवडणारे आणि असलेली सुधारू पाहणारे, तिघांनाही त्या उपयोगी पडतील.

पायरी १: बैठक नको, पूर्ण पाळी बघा

‘तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काय हवे?’ असा प्रश्न विचारून गरजांची यादी बनवू नका. माणसाला स्वतःच्या सवयी शब्दांत सांगता येत नाहीत. वीस वर्षे काम केलेल्या नर्सच्या तर त्या हातात मुरलेल्या असतात. त्याऐवजी परवानगी घेऊन तिच्यासोबत पूर्ण पाळी काढा. एक सकाळची, एक रात्रीची, आणि पाळी बदलतानाचा हँडओव्हर दोन्ही बाजूंनी, म्हणजे देणारीच्या आणि घेणारीच्याही.

वहीत चार गोष्टी टिपत जा. घटना कधी घडली आणि तिची नोंद प्रणालीत कधी झाली? मधल्या वेळात ती माहिती कुठे राहिली: डोक्यात, तळहातावर, टेपच्या तुकड्यावर? काम कितीदा तुटले आणि कुणामुळे? आणि केवळ नोंदीसाठी नर्सला किती पावले चालावे लागले?

या प्रश्नांचे वजन किती आहे, ते अभ्यासांतून दिसते. अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत नर्सच्या कामाच्या वेळेतला ३५ टक्क्यांहून थोडा अधिक भाग नोंदींत जात होता, तर प्रत्यक्ष रुग्णसेवेला २० टक्केही मिळत नव्हते. दहा तासांच्या दिवसपाळीत नर्स १ ते ५ मैल चालत होत्या. व्यत्ययांचे गणित ऑस्ट्रेलियातल्या २०१० च्या अभ्यासात मांडले आहे: औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययासोबत कार्यपद्धतीतल्या चुका १२.१ टक्क्यांनी आणि वैद्यकीय चुका १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. म्हणजे तुमची वापरकर्ती टेबलाशी शांत बसून टाइप करत नसते. ती चालत असते, एका हातात ट्रे असतो आणि दर काही मिनिटांनी कुणीतरी तिला हाक मारते.

पाळी संपली की चिठ्ठ्या मागून घ्या. रुग्णाची ओळख पटेल असे सगळे आधी खोडून टाका. मग एकेका शब्दावर बोट ठेवून विचारा: हे संगणकात असताना इथे का लिहिले? दहा-बारा चिठ्ठ्या समोर मांडल्या की तुमच्या पहिल्या पडद्याचा आराखडा जवळजवळ तयार असतो.

पायरी २: रकान्यांची छाटणी

हे काम सगळ्यांत नावडते आणि सगळ्यांत फायद्याचे. असलेल्या फॉर्ममधला प्रत्येक रकाना एका तक्त्यात लिहा आणि पुढे तीन उत्तरे भरा: हे कोण वाचते, केव्हा वाचते, वाचून काय ठरवते? ज्यांना उत्तर नाही ते रकाने जातील. ज्यांचे उत्तर ‘लेखापरीक्षणासाठी’ एवढेच आहे, त्यांच्याबाबत विचारा की तीच माहिती आधीच्या एखाद्या नोंदीतून आपोआप निघेल का. वजन, उंची आणि ॲलर्जी एकदाच विचारायची. पुन्हा लागेल तिथे जुनी नोंद तारखेसह दाखवायची.

सक्तीच्या रकान्यांबाबत फार जपून राहा. वेदनेचा आकडा भरल्याशिवाय बीपी जतनच होऊ न देणारी एक प्रणाली मी वॉर्डात पाहिली आहे. घाईत जिथे तिथे शून्य टाकले जात होते. कागदावर तो वॉर्ड वेदनामुक्त होता, आणि खाटेवर माणसे कण्हत होती. रकाना सक्तीचा केला की भरला जातो, पण खराच भरला जाईल याची हमी त्यातून मिळत नाही. त्यामुळे सक्ती अगदी मोजक्या जागी ठेवा आणि इतर ठिकाणी ‘मोजले नाही’ हा प्रामाणिक पर्याय कारणासह द्या.

‘सर्व सामान्य’ हे एका स्पर्शाचे बटणही असेच दुधारी आहे. वेळ खूप वाचवते, म्हणून ते असावे. मात्र सामान्य म्हणजे नेमके काय, त्याची व्याख्या बटणाशेजारीच वाचता आली पाहिजे, आणि ते नर्सने स्वतः दाबले पाहिजे. पडदा उघडतानाच ‘सामान्य’ भरलेले असेल तर कुणीही न तपासलेला रुग्ण तपासलेला दिसतो. मागच्या पाळीची नोंद जशीच्या तशी पुढे उचलण्याची सोयही याच कारणाने धोक्याची आहे. जुनी नोंद शेजारी फिक्या रंगात दाखवा. नवी मात्र नव्याने भरू द्या.

पायरी ३: पहिला पडदा वेळेप्रमाणे लावा

बहुतेक प्रणाली विभागांप्रमाणे बांधलेल्या असतात: तपासण्या एका टॅबमध्ये, औषधे दुसऱ्यात, नोंदी तिसऱ्यात. नर्सचा दिवस मात्र घड्याळावर चालतो. म्हणून लॉग-इन होताच तिचे आजचे सगळे रुग्ण एका पडद्यावर दिसावेत आणि कामे तीन गटांत असावीत: राहिलेले, आता करायचे, पुढच्या काही तासांत येणारे. एखाद्या कामाला स्पर्श केला की थेट त्याच रुग्णाची तीच नोंद उघडावी. मधे मेन्यूचा जिना नको.

प्रत्येक रुग्णाच्या ओळीत चिठ्ठीवर सापडलेल्या गोष्टी आणा. उपाशी आहे का, पडण्याचा धोका आहे का, कोणत्या नळ्या लावल्या आहेत, सलाइन कधी संपेल. आत गेल्यावर वरची ओळखपट्टी कधीही हलू नये: नाव, वय, रुग्ण क्रमांक, ॲलर्जी आणि शक्य असेल तिथे छायाचित्र. सारख्या नावाचे दोन रुग्ण वॉर्डात असतील तर दोघांच्याही पट्टीवर तसा इशारा हवा. ॲलर्जीच्या जागी ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही दोन वेगळी उत्तरे असली पाहिजेत. रिकामी जागा पाहून वाचणारा ‘नाही’ असेच समजतो.

वैयक्तिक टिपणासाठीही छोटी जागा ठेवा. ‘मुलगी चारला येणार, तिच्याशी बोलायचे’ असली वाक्ये कुठल्याच रकान्यात बसत नाहीत आणि म्हणून चिठ्ठीवर जातात. ही टिपणे कायमच्या नोंदीचा भाग आहेत की पाळीनंतर पुसली जातील, ते रुग्णालयाने आधी ठरवावे आणि त्याच जागी स्पष्ट लिहावे.

पायरी ४: व्हायटल्सचा (बीपी, नाडी, तापमान अशा मोजमापांचा) पडदा

दिवसातून अनेकदा उघडणारा हा पडदा आहे. इथे एक टिचकी वाचली तर वर्षाकाठी हजारो वाचतात, त्यामुळे इथे कंजूषपणाने डिझाइन करा.

सगळी मोजमापे एकाच पडद्यावर, नर्स ज्या क्रमाने मोजते त्याच क्रमाने. स्पर्श करताच फक्त अंकांचा मोठा कीपॅड यावा. सिस्टोलिक (बीपीचा वरचा आकडा) भरला की कर्सर आपोआप डायस्टोलिकवर (खालच्या आकड्यावर) जावा. प्रत्येक रकान्याशेजारी एकक आणि मागचा आकडा वेळेसह दिसावा; ११० वरून ९० झालेले बीपी तिथल्या तिथे नजरेत भरते.

चुकीच्या आकड्यांसाठी दोन मर्यादा ठेवा. शरीरात होऊच शकत नाही असा आकडा, जसे ३७ ऐवजी ७३ अंश सेल्सिअस, प्रणालीने घेऊच नये. होऊ शकतो पण विरळा असा आकडा ‘खात्री आहे?’ एवढेच विचारून घ्यावा. दुसऱ्या प्रकारालाही अडवून धरले, तर सर्वांत गंभीर रुग्णाचीच नोंद अडकून पडते.

वेळ दोन ठेवा: मोजल्याची आणि नोंदवल्याची. आठला मोजलेले व्हायटल्स नऊला टाकले जाणे रोजचेच आहे. प्रणालीने फक्त नऊ लिहिले तर रुग्णाची प्रकृती कधी ढासळू लागली तो क्षणच नोंदीतून हरवतो.

आकडे भरताच रुग्णाला किती धोका आहे त्याचे गुणांकन आपोआप व्हावे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला ‘न्यूज-टू’ हा इशारा-गुणांक श्वसनगती, ऑक्सिजन संपृक्तता, सिस्टोलिक रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी आणि तापमान यांवरून निघतो; बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर त्याचेही गुण मिळतात. एकूण ५ किंवा अधिक झाले की तातडीने पाहण्याची, ७ किंवा अधिक झाले की आणीबाणीच्या प्रतिसादाची वेळ येते. तुमच्या रुग्णालयाची पद्धत वेगळी असेल तर ती वापरा, पण दोन नियम पाळा. एखादे मोजमाप राहिले असेल तर अर्धवट बेरीज पूर्ण असल्यासारखी दाखवू नका. आणि गुणांकासोबत पुढची कृती लिहा: कुणाला कळवायचे, किती वेळाने पुन्हा मोजायचे.

मॉनिटरमधून आकडे थेट येत असतील तर उत्तमच. ते ‘नर्सने तपासलेले नाहीत’ अशा वेगळ्या खुणेने यावेत आणि तिने मान्य केल्यावरच नोंद पक्की व्हावी. बोटावरचा सेन्सर निसटला की मॉनिटरही चुकीचे बोलतो.

पायरी ५: औषधे देण्याची नोंद

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण इथली चूक थेट रुग्णाच्या शरीरात जाते.

औषधाच्या वेष्टनावरचा आणि रुग्णाच्या मनगटपट्टीवरचा बारकोड स्कॅन करून पडताळण्याची कल्पना मुळात एका नर्सची आहे. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठीच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भाड्याची गाडी परत घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातातले स्कॅनर पाहिले आणि गाडीसाठी हे चालते तर औषधासाठी का नाही, असा विचार केला. पुढे हीच पद्धत जगभर गेली. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या २०१० च्या अभ्यासात बारकोड आणि इलेक्ट्रॉनिक नोंद एकत्र आल्यावर औषध देतानाच्या चुका, वेळेच्या चुका वगळून, ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या.

पण आणखी एक अभ्यास प्रत्येक डिझायनरने लक्षात ठेवावा. २००८ साली संशोधकांनी पाच रुग्णालयांत पाहिले तर नर्सेसनी बारकोडला बगल देण्याचे १५ प्रकार आणि त्यांमागची ३१ कारणे सापडली. चुरगळलेली मनगटपट्टी, संपलेली बॅटरी, वाचता न येणारे लेबल, खाटेपर्यंत न पोहोचणारी औषधांची ट्रॉली. कारणे अशी असताना दोष नर्सला देण्यात अर्थ नाही. म्हणून स्कॅन न झाल्यास काय करायचे, तो मार्ग सुरुवातीपासून आखा: दोन स्पर्शांत कारण निवडता यावे, रुग्णाची ओळख दुसऱ्या पद्धतीने पडताळता यावी आणि काम पुढे जावे. ही कारणे दर आठवड्याला मोजा. एकाच औषधाचे लेबल पुन्हा पुन्हा वाचले जात नसेल तर औषधालयाला कळवा.

मात्रा लिहिताना काही नियम पक्के ठेवा. ‘०.५’ मधले आधीचे शून्य कधीच गाळू नका; दशांश चिन्ह नजरेतून सुटले की ‘.५’ चे ‘५’ होते. ‘१.०’ लिहू नका; त्याचे ‘१०’ होते, म्हणून नुसते ‘१’. ‘युनिट’ पूर्ण शब्दात लिहा, कारण त्याचे एकाक्षरी इंग्रजी रूप शून्यासारखे वाचले जाते. आकडा आणि एकक यांत जागा सोडा आणि दोन्ही एकाच ओळीत राहतील असे बघा. डोपामिन आणि डोब्युटामिन यांसारखी जुळी वाटणारी नावे इंग्रजी लिपीत काही अक्षरे मोठी करून वेगळी दाखवतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, तेव्हा नावातला वेगळा भाग ठळक करा आणि शोधयादीत अशी दोन नावे लागोपाठ येत असतील तर शेजारी औषधाचा गट लिहा.

औषध ‘दिले’ याशिवायच्या शक्यता खऱ्या जगातून घ्या: रुग्णाने नकार दिला, तपासणीला गेला आहे, उलटी झाली, डॉक्टरांनी थांबवले, औषध आलेच नाही. ‘इतर’ हा पर्याय ठेवा, पण तो सर्वांत जास्त वापरला जात असेल तर तुमची यादी चुकली आहे. दिल्याची नोंद खाटेपाशी, दिल्यावरच व्हावी. चूक दुरुस्त करणे सोपे हवे, आणि मूळ नोंद रेघ मारून तिथेच दिसत राहावी.

इशाऱ्यांचे प्रमाण राखणे अवघड आहे. औषधांच्या सुरक्षा-इशाऱ्यांवरील २००६ च्या एका आढाव्यात ४९ ते ९६ टक्के इशारे डावलले गेलेले आढळले. सतत ओरडणाऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. जीवघेण्या ॲलर्जीसारख्या मोजक्या धोक्यांसाठी काम थांबवणारा इशारा ठेवा. बाकीचे ओळीतच, शांत रंगात दाखवा. आणि प्रत्येक इशाऱ्यात ‘मग काय करू?’ याचे उत्तर असू द्या.

पायरी ६: हँडओव्हर

चिठ्ठीचा जन्म हँडओव्हरमध्ये होतो, तेव्हा तिला पर्याय द्यायचा असेल तर तो तिथेच द्यावा लागेल. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली ‘एसबार’ ही चौकट यासाठी चांगली आहे: सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस. पहिल्या दोन भागांतली बरीचशी माहिती प्रणालीने स्वतः भरावी: पाळीत काय बदलले, काय राहिले, कोणते अहवाल यायचे आहेत. नर्सने फक्त आपले मत लिहावे. ‘आकडे ठीक आहेत, पण आज हे नेहमीसारखे बोलत नाहीत’ हे वाक्य कुठल्याही गुणांकात येत नाही आणि कित्येकदा तेच सर्वांत महत्त्वाचे असते. त्यासाठी वर, ठळक जागा द्या. तळाशी ‘शेरा’ म्हणून ढकलू नका.

पायरी ७: तुटलेले काम जोडू द्या

अर्धवट नोंद आपोआप जतन व्हावी आणि परतल्यावर कर्सर त्याच जागी मिळावा. ओळखपत्र टेकवून लॉग-इन व्हावे आणि एका संगणकावर सोडलेला पडदा दुसऱ्या खाटेपाशी उघडावा. पासवर्डचा जाच वाढवला की पूर्ण वॉर्ड एकाच लॉग-इनवर काम करू लागतो, आणि मग कुणी काय केले तेच कळत नाही. एका वेळी अनेक रुग्णांच्या नोंदी उघडू देणार असाल तर जतन करण्याच्या बटणावरच रुग्णाचे नाव लिहा. नेटवर्क गेले तर नोंद उपकरणात थांबून नंतर जावी आणि ‘अजून पाठवले नाही’ हे स्पष्ट दिसावे.

पायरी ८: डोळे आणि बोटे

हातमोजे घातलेल्या बोटाला छोटी बटणे जुमानत नाहीत. वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत वरच्या पातळीसाठी सांगितलेला ४४ बाय ४४ पिक्सेलचा आकार इथे किमान समजा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचे तीव्रता-गुणोत्तर निदान ४.५ : १ असावे. केवळ लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवू नका. सोबत चिन्ह किंवा शब्द हवा. रात्रपाळीसाठी गडद पडदा द्या, कारण झोपलेल्या रुग्णाच्या तोंडावर पांढरा उजेड पडतो.

पडदा मराठीत असेल तर ओळींमध्ये जास्त जागा सोडा, नाहीतर मात्रा आणि उकार एकमेकांत अडकतात. देवनागरी ‘१’ आणि ‘९’ बारीक अक्षरांत फसवतात. औषधाच्या वेष्टनावर जे अंक असतात तेच पूर्ण प्रणालीत वापरावेत, दोन्ही प्रकार मिसळू नयेत, असे माझे ठाम मत आहे. आणि भाषांतर करताना वॉर्डात जो शब्द बोलला जातो तोच घ्या. ‘कॅथेटर’ला ‘मूत्रनलिका’ केले तर नर्सला आधी त्याचे उलट भाषांतर करावे लागते.

पायरी ९: मागची मांडणी

याबाबत थोडक्यात. डेटा ‘एचएल-सेव्हन फायर’ या, वेगवेगळ्या प्रणालींत आरोग्य-माहितीची देवाणघेवाण करण्यासाठीच्या मानकात ठेवा. मोजमापांसाठी त्यात ‘ऑब्झर्व्हेशन’ आणि दिलेल्या औषधासाठी ‘मेडिकेशन ॲडमिनिस्ट्रेशन’ असे तयार साचे आहेत. मोजमापांना ‘लॉइन्क’ या, तपासण्या आणि मोजमापांच्या प्रमाणित यादीतले संकेतांक द्या, जसे हृदयगतीला ८८६७-४ आणि शरीराच्या तापमानाला ८३१०-५. एकदा भरलेले पुन्हा विचारायचे नाही, हे दुसऱ्या पायरीतले वचन पाळता येते ते याच्याच जोरावर.

पायरी १०: चाचणी, मग एकच वॉर्ड

पहिली चाचणी कागदावर काढलेल्या पडद्यांनी करा. कागदावर नर्स मोकळेपणाने रेघा मारते, तयार दिसणाऱ्या पडद्यावर संकोचते. उपयुक्ततेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा सल्ला असा की पाच जणांसोबत छोटी चाचणी घ्या, सुधारा, पुन्हा घ्या. मी त्यात एक भर घालीन: चाचणी चालू असताना मुद्दाम व्यत्यय आणा. औषधाची नोंद अर्ध्यावर असताना फोन वाजवा, दुसऱ्या रुग्णाबद्दल विचारा, आणि ती कुठे परतते ते पाहा. बसवून नव्हे, उभे करून, हातमोजे घालून.

वेळ मोजा, चुकीचे स्पर्श मोजा, घटना आणि नोंद यांतले अंतर मोजा. शेवटी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची उपयुक्तता-मापनपट्टी भरून घ्या. तिच्यात १०० पैकी ६८ हा सरासरी गुण मानला जातो. गुणांपेक्षा कोणत्या विधानाला कमी गुण मिळाले ते जास्त बोलके असते.

मग एका वॉर्डात सुरू करा. पहिले दोन आठवडे बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी रात्रपाळीलाही तिथे हजर असावे आणि छोट्या सुधारणा दिवसभरात व्हाव्यात. प्रणाली बंद पडल्यास वापरायचे छापील फॉर्म पडद्याच्याच क्रमाने आखून वॉर्डात ठेवा, म्हणजे नंतर नोंद चढवताना शोधाशोध होत नाही.

महिन्याने पुन्हा त्याच वॉर्डात पूर्ण पाळी काढा आणि पाळी संपताना चिठ्ठ्या मागा. पहिल्या चिठ्ठ्यांशेजारी त्या ठेवा. सलाइनची वेळ गेली असेल, शुगरची गेली असेल. जी ओळ अजूनही हाताने लिहिलेली आहे, ती पुढच्या आवृत्तीच्या कामांच्या यादीत सर्वांत वर टाका आणि ज्या नर्सने ती लिहिली, तिलाच पहिला नवा पडदा दाखवा.